तरंगलेली टांकी

पूर आला म्हणजे घर भिजतें, धान्य कुजतें, अंथरुणापांघरुणांची नासाडी होते. पण पाणी ओसरल्यावर भिंती धुवून गृहिणी पुनः चूल पेटविते. त्या पाण्याबरोबर खनिज तेल घरांत शिरलें, तर घरीं परतण्याची वाटच बंद होते.

ता. २९ ऑगस्ट २००५ रोजीं कॅट्रिना नांवाचें चक्रीवादळ अमेरिकेंतील लुइझियानाच्या किनाऱ्यावर आदळलें. त्या आपत्तींत एकंदर ७० लक्ष गॅलनांहून अधिक तेल सांडलें. त्यांतील लोकवस्तींत शिरलेल्या तेलाची हकीकत वाचकांस सांगावयाची आहे.

न्यू ऑर्लिन्सच्या पूर्वेस सेंट बर्नार्ड परगण्यांत मेरो हें गांव आहे. तेथें मर्फी ऑइल कंपनीचा तेलशुद्धीचा कारखाना वस्तीस अगदीं लागून होता. त्यांतील एका टांकींत २,५०,००० पिंपें तेल मावे; त्या दिवशीं तींत सुमारें ६५,००० पिंपेंच होतीं. रिकामें घंगाळ हौदांत सोडलें तर तरंगतें आणि भरलेलें बुडतें, हें आपल्याकडील मुलांसहि ठाऊक असतें. टांकी जेमतेम पाव भरलेली, आणि तीहि पाण्याहून हलक्या तेलानें! भोंवतीं बांध होता खरा; पण तो आंतलें तेल बाहेर जाऊं नये म्हणून घातलेला. बाहेरचें पाणीच तो ओलांडून आंत आलें, टांकी पायावरून उचलली गेली आणि फुटली. सुमारें २५,००० पिंपें तेल पुरावर पसरत १,७०० हून अधिक घरांपर्यंत गेलें. वादळापूर्वीं टांकी तेलानें, नाहीं तर नुसत्या पाण्यानें, भरून जड करणें एवढाच काय तो उपाय होता.

पाणी उतरलें तसा भिंतींवर काळा पट्टा उमटला, अंगणांत चिकट थर बसला. अशुद्ध तेलांत बेंझीनसारखीं विषारी द्रव्यें असतात; लांकूड व गिलावा तें शोषून घेतात, आणि साबणपाण्यापुढें तें हटत नाहीं.

रहिवाश्यांनीं एकत्र दावा लावला. ३३ कोटी डॉलरांची तडजोड जानेवारी २००७ मध्यें न्यायालयानें मान्य केली. सफाई, नुकसानभरपाई, आणि कारखान्यालगतच्या कांहीं गल्ल्यांतील घरें कंपनीनें विकत घेणें, हीं तिचीं मुख्य अंगें. रक्कम लहान नव्हे. तथापि भरपाईचा हिशेब घरागणिक होतो. शेजाराचें मोल त्यांत कोठें धरावें, हें आम्हांस उमगत नाहीं. एकानें घर विकलें, दुसरा राहिला, तर त्या दुसऱ्यानें सायंकाळीं ओट्यावर बसून कोणाशीं बोलावें?

कारखाना दुरुस्त होऊन पुनः चालू झाला, आणि २०११ सालीं तो वॅलेरो कंपनीनें विकत घेतला.