अहिंसेला जिवाणूंचं प्रमाणपत्र कशाला?



पर्युषण जवळ आलं की समाजाच्या ग्रुपवर एक मजकूर फिरायला लागतो. शाकाहाऱ्यांच्या आतड्यात चांगले जिवाणू, मांसाहाऱ्यांच्या आतड्यात वाईट, हे म्हणे विज्ञानाने सिद्ध केलं. खाली हात जोडल्याची चित्रं. मग कोणीतरी लिहितंच, "म्हणून तर आपण शुद्ध!"

मला या मजकुराशी भांडायचं आहे. मांसाहाराची वकिली करायला मी बसलेले नाही. आमच्या घरात कांदा-लसूणसुद्धा येत नाही. पण मी कॉमर्सची पदवीधर. वहीतली जमेची बाजू तेवढी वाचायची आणि नावेची बाजू झाकायची, हे मला बघवत नाही.

आधी जमेची बाजू. तिच्यात तथ्य आहे. २०१४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात अमेरिकेतला एक प्रयोग छापून आला. थोड्या लोकांना पाच दिवस फक्त मांस, अंडी आणि चीज दिलं, आणि वेगळ्या पाच दिवसांत फक्त धान्य, कडधान्य, भाज्या, फळं. मांस-चीजच्या दिवसांत पित्त सोसणारे जिवाणू वाढले, आणि धान्य-भाज्यांचा चोथा पचवणारे कमी झाले. हा बदल एका-दोन दिवसांतच दिसू लागला आणि जेवण पूर्ववत झाल्यावर तितक्याच लवकर मावळला. त्या लोकांत एक जन्मापासूनचा शाकाहारीही होता. त्याचेही जिवाणू बदलले. जन्मभराचा शाकाहार त्याला कवच झाला नाही.

आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला हे समजायला अवघड नाही. जून २०२० मध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं होतं. पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि मिठात वाढणारे सूक्ष्मजीव फोफावले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासून तेच सांगितलं. पाऊस पडला, पाणी वाढलं, रंग गेला. पोटातही तसंच. जे वाढाल त्यावर जगणारे जीव तिथे वाढतील. ते तुमची जात, तुमचा धर्म विचारत नाहीत.

आता नावेची बाजू. ही कोणी फॉरवर्ड करत नाही.

एक. त्या प्रयोगातल्या मांसाहारी ताटात चीज होतं आणि फायबर जवळजवळ शून्य होतं. म्हणजे जिवाणू बदलले ते मांस आल्यामुळे किती आणि चोथा गेल्यामुळे किती, हा प्रश्न उरतोच. आणि चीज तर आपल्या मुलांच्या पिझ्झावर, सँडविचवर आणि लग्नाच्या पंगतीतही असतं.

दोन. २०१८ मध्ये दहा हजारांहून जास्त लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. स्वतःला शाकाहारी म्हणवणं की मांसाहारी, यापेक्षा आठवड्यात किती तऱ्हेच्या वनस्पती पोटात गेल्या, याचा परिणाम जास्त दिसला. तीसहून अधिक प्रकार खाणाऱ्यांच्या पोटात जिवाणूंची विविधता जास्त. दहा किंवा त्याहून कमी खाणाऱ्यांच्या पोटात कमी. जानेवारी २०२५ मध्ये इटलीतल्या त्रेंतो विद्यापीठाच्या संशोधकांनी २१,५६१ लोकांचा अभ्यास मांडला. लाल मांस खाणाऱ्यांत वेगळे जिवाणू दिसले, हे खरं. पण भरपूर भाजीपाला खाणाऱ्या मांसाहाऱ्यांच्या पोटातही ते चांगले म्हणवले जाणारे जिवाणू होतेच.

तीन, आणि हे आपल्या देशातलं. भोपाळच्या आयसर संस्थेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये भोपाळ आणि केरळमधल्या ११० निरोगी माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भोपाळकडचं जेवण बहुतांशी शाकाहारी, केरळचं मिश्र. भोपाळकडे प्रिव्होटेला नावाचे, वनस्पतींवर पोसणारे जिवाणू भरपूर निघाले. पण आतड्याच्या अस्तराला पोसणारी जी आम्लं जिवाणू बनवतात, ती बनवण्याची यंत्रणा केरळच्या लोकांत जास्त सापडली. आता काय करायचं? केरळी माणसाला शुद्ध म्हणायचं?

माझं मूळ म्हणणं इथेच आहे. आपण मांस खात नाही ते जीव मारायचा नाही म्हणून. बस. याला प्रयोगशाळेची सही लागत नाही. सही मागायला गेलात, तर उद्या एखादा निकाल उलटा लागल्यावर काय कराल? मासे खाणाऱ्यांचे जिवाणू अधिक चांगले निघाले, तर मासे आणणार का? नाही ना? मग आज त्या निकालावर नाचायचं कशाला? फायद्याच्या हिशोबाने पाळलेली अहिंसा फायदा संपला की सुटते.

दुसरं म्हणजे हा मजकूर माणसाला माणसापासून तोडतो. आपल्या भागात शेतावर राबणारी बाई ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, तुरीचं वरण खाते आणि कधीमधी मटणही खाते. ती अशुद्ध, आणि मैद्याची कचोरी, शेव, साखरेचा शिरा खाऊन बसलेलो आपण शुद्ध? पोटातल्या जिवाणूंना विचाराल तर ते कदाचित तिच्याच पदरात माप टाकतील.

खरं दुखणं आपल्या ताटात आहे. शाकाहार म्हणजे काय खायचं नाही, याची यादी आपल्याला पाठ आहे. काय खायचं, याची यादी हरवली. शिवारात ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं, तशी ताटात भाकरीच्या जागी पोळी आणि पोळीच्या जागी मैदा. सकाळी खारी-टोस्ट, दुपारी बटाटा सोडून उरलेल्या त्याच चार भाज्या, संध्याकाळी सूर्यास्ताच्या घाईत फरसाण. कांदा-लसणात जिवाणूंना आवडणारं फायबर असतं. ते आपण सोडलं, ठीकच केलं. पण त्याची भरपाई दुसरीकडून करायची की नाही? चोथा मिळाला नाही तर काही जिवाणू आतड्याच्या आतला चिकट थर खायला लागतात, असं २०१६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांसाठी आपण पाणी गाळून पितो. आणि स्वतःच्या पोटातल्या जिवांना उपाशी ठेवतो!

आणि बी-१२. "आपले जिवाणूच ते बनवतात," असंही त्या मजकुरात असतं. मोठ्या आतड्यातले जिवाणू बनवतात हे खरं. पण ते शोषलं जातं त्याच्या आधीच्या, लहान आतड्यात. मागच्या दाराशी आलेला माल पुढच्या दुकानात विकता येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी बी-१२ च्या कमतरतेबद्दल कित्येक वर्षांपासून सांगत आहेत. सुनेचे हातपाय मुंग्या आल्यासारखे होत असतील, तर तिला शुद्धतेचा मजकूर पाठवू नका. तिची रक्ततपासणी करा. औषधातलं बी-१२ जिवाणूंकडूनच बनवून घेतलेलं असतं. कॅप्सूलचं कवच मात्र बहुधा जिलेटिनचं असतं, म्हणून डॉक्टरांकडे गोळी मागा.

धर्म न मोडता करण्यासारखं पुष्कळ आहे. आठवड्यातून चार दिवस तरी ज्वारीची ताजी भाकर. मटकी, चवळी, कुळीथ, वाल आलटून पालटून. मोड चालत नसतील तर नुसतं भिजवून शिजवा. जवसाची, तिळाची, कारळ्याची चटणी. दोडक्याच्या शिरा फेकू नका, त्यांचीही चटणी होते. दही घरचं, ताजं, मर्यादेतलं, आणि द्विदल सांभाळून. तिथीला हिरवी भाजी नसेल तर डाळ-कडधान्य असू द्या, तळण नको. आयंबिल करणाऱ्या बाईचं ताट बघा: तेल नाही, साखर नाही, मैदा नाही, उकडलेलं धान्य आणि डाळ. नऊ दिवसांची ओळी अशी पाळणारे आपण दहाव्या दिवशी मिठाईचा डबा उघडतो.

यंदा तो मजकूर आला की पुढे पाठवू नका. त्याऐवजी या आठवड्यात घरात किती तऱ्हेचं धान्य, डाळ, भाजी, फळ शिजलं-खाल्लं गेलं ते वहीत लिहा. तीसपर्यंत आकडा गेला तर मला कळवा. दहावरच थांबला, तर शेजारणीच्या ताटाबद्दल बोलायच्या आधी आपल्या स्वयंपाकघरात जा.