शब्दपेढी : ओसरीवर जन्मलेला शब्द

बाजार कोसळला, माल बुडाला, तरी ज्याच्या मुद्रेवरची रेषाही हलत नाही अशा गृहस्थास इंग्रजीत ‘स्टोइक’ म्हणतात. ‘भावनाशून्य’ असा अर्थ लावून आपण मोकळे होतो. शब्दाच्या मुळाशी मात्र एक ओसरी आहे, आणि तीही बाजारातली.

ग्रीक भाषेत ‘स्टोआ’ म्हणजे खांबांची लांब ओसरी. अथेन्सच्या बाजारचौकात युद्धचित्रांनी सजलेली अशी एक ओसरी होती. इ. स. पूर्व 300 च्या सुमारास तेथे झेनो शिकवू लागला. हा सायप्रस बेटावरील सिटियमचा. डायोजिनीस लेअर्शियस या चरित्रकाराने नोंदविलेल्या आख्यायिकेप्रमाणे झेनो जांभळ्या रंगाचा माल घेऊन येत असता त्याचे जहाज फुटले. (तो रंग समुद्री गोगलगायींपासून काढीत, तेव्हा आपल्या वाचकांस त्या मालाची हळहळ वाटू नये.) अथेन्समध्ये एका ग्रंथविक्रेत्याच्या दुकानी त्याच्या कानी सॉक्रेटिसाचे वृत्त पडले. अशी माणसे कोठे भेटतात, असे त्याने विचारले. समोरून क्रेटीस हा तत्त्वज्ञ चालला होता. विक्रेत्याने त्याच्याकडे बोट दाखविले. झेनोच्या शिष्यांना प्रथम गुरूच्या नावाने ओळखीत. पुढे बसण्याच्या जागेवरून ‘स्टोइक’, म्हणजे ‘ओसरीवाले’, हेच नाव रूढ झाले.

या ओसरीवाल्यांनी भावना मारण्यास सांगितले नव्हते. वासना, भय, भोगसुख आणि शोक हे विकार त्यांनी त्याज्य मानले. परंतु विवेकातून उपजणारा आनंद, सावधपणा आणि सदिच्छा यांना मानाचे स्थान दिले. विकारमुक्त अवस्थेस ते ‘अपाथेया’ म्हणत. त्याच शब्दातून इंग्रजी ‘अ‍ॅपथी’ निघाला, आणि त्याचा अर्थ आज बेपर्वाई!

आपल्या ‘उदासीन’ शब्दाची गतही फारशी निराळी नाही. मूळ संस्कृत अर्थ ‘बाजूस बसलेला’, तटस्थ. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त इतरांच्या वैराबाहेर राहिलेल्या बलवान राजास हे नाव आहे. मराठीत तो शब्द खिन्नतेकडे सरकला.

आमचे दुकान आगीत गेले तेव्हा आजोबा एक अक्षर बोलले नाहीत. घरची माणसे त्यांना पुढे कितीतरी वर्षे पाषाणहृदयी म्हणत. त्यांच्या पश्चात जुनी रोजकीर्द उघडली, तर आगीच्या दुसऱ्याच दिवशीच्या पानावर अंगठी मोडून आलेली रक्कम जमा होती, आणि नावे बाजूस मुनीम व हमाल यांचे त्या महिन्याचे पगार.