शोभेची सुरी

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी भिलाईत एका मराठी अधिकाऱ्याच्या सेवानिवृत्तीनिमित्त स्नेहसमारंभ झाला. आम्ही त्यास उपस्थित होतो. शाल झाली, श्रीफळ झाले, भाषणे झाली. आणि शेवटी काचेच्या पेटीत बंद केलेली एक सुरी सत्कारमूर्तींच्या हाती देण्यात आली. हाताने घडवलेले सहा इंची पाते, शिसवी मूठ आणि जाड टाक्यांचे कातडी म्यान. वस्तू देखणी होती, देणाऱ्यांचा हेतूही निर्मळ होता. परंतु ती देताना वक्ते म्हणाले, "ही अस्तास चाललेल्या एका कलेची खूण आहे, ती आपण दिवाणखान्यात जपून ठेवावी." टाळ्यांचा कडकडाट झाला. सुरी कोणी घडवली, असे आम्ही शेजारच्या गृहस्थांस हळूच विचारले. "आहे एक लोहार, बाजाराच्या दिवशी बसतो," एवढेच उत्तर मिळाले. म्यान कोणी शिवले हे तर कोणासच ठाऊक नव्हते. सौदा किती घासाघीस करून पटवला, हे मात्र दोघांनी मोठ्या अभिमानाने सांगितले.

त्या टाळ्यांशी आमचे भांडण आहे. ते आम्ही वाचकांपुढे मांडतो, कारण आमचे बहुतेक वाचक तशाच दिवाणखान्यांत राहतात, आम्हीही राहतो.

'अस्तास चाललेली कला' हा शब्दप्रयोग मोठा सोयीचा आहे. सूर्य आपोआप मावळतो. त्याचा ठपका कोणावरही येत नाही. लोखंडाच्या कामाची कथा तशी नाही. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, हे आपण प्रत्येक पाहुण्यास सांगतो. कारखान्यास खनिज पुरवणारे दल्ली-राजहराचे डोंगर दक्षिणेस सुमारे ९० किलोमीटरांवर आहेत, हेही सांगतो. परंतु त्या उद्घाटनाच्या सत्तर-बहात्तर वर्षे आधी, १८८७ साली, प्रमथनाथ बोस या भूगर्भशास्त्रज्ञाने तत्कालीन रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातील लोखंडाच्या धंद्यावर लेख लिहिला होता, हे आपणांपैकी किती जण सांगतात? दुर्ग जिल्हा १९०६ साली निर्माण झाला. तोवर हा मुलूख रायपुरातच मोडत असे. म्हणजे कारखान्याची कल्पनाही कोणाच्या मनात नव्हती, तेव्हा या मातीत लोखंड गाळणारी माणसे होती आणि शास्त्राने त्यांची नोंदही घेतली होती.

येथून उत्तरेस मैकल पर्वताच्या परिसरात अगारिया लोक राहतात. व्हेरिअर एल्विन यांनी १९४२ साली त्यांच्यावर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. मातीची ठेंगणी भट्टी, पायांनी दाबायचे भाते, इंधन लाकडी कोळशाचे. त्या भट्टीत लोखंड वितळून वाहत नसे. मळीने भरलेला स्पंजासारखा गोळा बाहेर पडे आणि तो घणाखाली कुटून कुटून मळी झाडावी लागे. लोहासुर, कोयलासुर आणि आग्यासुर ही त्यांची दैवते. लोखंड, कोळसा आणि अग्नी यांनाच देव मानणाऱ्या त्या लोकांचा धंदा का बसला? एल्विन यांनी कारणे दिली आहेत: भट्ट्यांवरील कर, कोळशासाठी जंगलात घातलेली बंधने आणि बाजारात आलेले स्वस्त लोखंड. वाचकहो, तो कर कोणी वसूल केला? ती जंगले कोणी राखली? हा मुलूख १९५६ पर्यंत नागपूर ही राजधानी असलेल्या प्रांतात होता, आणि त्या प्रांताच्या कचेऱ्यांतून मराठी माणसे थोडी नव्हती. आम्ही पूर्वजांवर खटला भरू इच्छीत नाही. हुकूम वरून येत होते. परंतु जी कला अस्तास नेण्यात आली तिला 'अस्तास चाललेली' म्हणू नये, एवढे सौजन्य तरी वंशजांनी पाळावे.

आता त्या पेटीतल्या सुरीकडे वळू. आजचा खेड्यातला लोहार लोखंड गाळत नाही. ट्रकच्या मोडक्या कमानपाट्याचा तुकडा घेऊन तो बसतो. त्यात कर्ब किती, हे त्यास कोणी सांगितलेले नसते. तो तुकडा सहाणेच्या चाकावर धरतो आणि उडणाऱ्या ठिणग्यांना किती फाटे फुटतात ते पाहून पारखतो. मग भात्याचा वारा, ऐरणीवरचे ठोके, पाते लांबवणे, मुठीत शिरणारे शेपूट काढणे, कानशीने उतार धरणे. खरी परीक्षा त्यानंतर. पात्याला पाणी द्यायचे ते नेमके किती तापल्यावर? चुंबक तापलेल्या लोखंडास धरीनासे होते ती उष्णता सुमारे ७७० अंश. पाते त्याच्याही किंचित पुढे जावे लागते. लोहाराजवळ उष्णतामापक नाही. तो सावलीत बसून रंग वाचतो. कमी तापले तर धार टिकत नाही, जास्त तापले तर पाते काचेसारखे ठिसूळ होते, आणि पाण्यात बुडवताना 'टक्' असा बारीक आवाज आला तर सकाळपासूनची मेहनत फुकट. पाणी दिलेले पाते पुन्हा मंद शेकतात. उजळ केलेल्या पृष्ठावर गवताच्या काडीसारखा पिवळा रंग चढला की थांबतात. तेव्हा ते कठीणही राहते आणि चिवटही होते. माणसाचे 'पाणी' जोखण्याची आपली भाषा याच भट्टीपाशी जन्मली आहे.

म्यानाचे कामही कमी नाही. झाडाच्या सालीने कमावलेले कातडे ओले करून पात्यावर बसवले की सुकताना ते तोच आकार धरते. शिवणीच्या आत कातड्याची एक जाड पट्टी घालतात. ती नसेल तर पाते आत सारताना धारेनेच टाके कापले जातील. आणि येथेच त्या सत्काराची खरी थट्टा आहे! कातडे ओल धरते. म्यानात घालून महिनोन्‌महिने ठेवलेले पाते गंजते. जी सुरी रोज हाती येते, ती पुसली जाते, तिच्यावर तेलाचे बोट फिरते. ज्यांनी ती 'जपून' पेटीत ठेवली, त्यांनीच ती गंजास दिली. वस्तूचे जे, तेच कारागिराचे: कौतुकाच्या पेटीत बंद केले की दोघेही मरतात.

यावर आक्षेप येतील. कोणी म्हणेल, बाजारात यंत्रावरची सुरी याच्या दशांश किमतीत मिळते. मग हा हट्ट कशाला? आमचे उत्तर असे की ज्यास ती पुरते त्याने ती खुशाल घ्यावी. कारागीर दया मागत नाही. परंतु हातची सुरी हवी म्हणायचे आणि मोल मात्र यंत्राचे द्यायचे, हा व्यवहार नव्हे. २०२५ साली मिलानच्या एका प्रदर्शनात प्राडा या इटालियन संस्थेने कोल्हापुरीच्या घाटाची पादत्राणे कोल्हापूरचे नाव न घेता मांडली, तेव्हा सारा महाराष्ट्र संतापला आणि योग्यच संतापला. पण परक्याने कारागिराचे नाव घेतले नाही म्हणून रागावणाऱ्या आम्ही, भर समारंभात आमच्याच भेटवस्तूच्या कारागिराचे नाव घेतले होते काय?

दुसरा आक्षेप 'सुरी म्हणजे शस्त्र' असा आहे. शस्त्र कायद्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा विचार केला असून घरगुती व शेतीच्या कामासाठी केलेली पाती त्यातून वगळली आहेत. आमच्या अधिकारी वाचकांस हे आम्ही शिकवावे असे नाही. बाजारात लोहाराचे दुकान तपासणाऱ्या हाताखालच्या शिपायास त्यांनी ते एकदा समजावून सांगावे.

तिसरा आक्षेप खरा वजनदार आहे. ज्यांना तुम्ही कला म्हणता ती जातीची वेठ होती, असे कोणी म्हणाले तर आम्ही त्याच्याशी वाद घालणार नाही. आमच्या गावगाड्यात लोहार आणि चांभार हे बलुतेदार. सुगीला खळ्यावर मिळेल ते धान्य घ्यायचे आणि चांभाराने ते दुरून घ्यायचे. १९२७ साली महाडला डॉ. आंबेडकरांनी आपल्या लोकांस मेलेल्या जनावराचे मांस सोडण्यास सांगितले, ते माणुसकी मिळवण्यासाठी. याच छत्तीसगढात, गिरौदपुरीला १७५६ साली जन्मलेल्या गुरू घासीदासांच्या सतनाम पंथाने जातिभेद नाकारला. ज्या समाजास चामड्याच्या नावाने हिणवले जाई, त्याने ते नावच टाकून दिले. ज्याच्या आजोबाने अपमानासकट आरी आणि रापी फेकून दिली, त्याच्या नातवाने ती पुन्हा उचलावी असा उपदेश करण्याचा आम्हांस काडीचाही अधिकार नाही. आणि म्हणूनच, जो आज स्वेच्छेने ती हाती धरतो, त्याच्याशी बलुत्याच्या भाषेत बोलण्याचा अधिकार तर मुळीच नाही. घासाघीस ही बलुत्याचीच भाषा आहे. कला टिकवायची असेल तर तिच्यातला अपमान आधी मेला पाहिजे. अपमान टिकवून कला टिकवणे आम्हांस नको.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. लोहार आहे, चर्मकारही आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि पाच टक्के व्याजाने दोन हप्त्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज अशी तिची तरतूद आहे. सरकारने आपले काम केले असेल. पण गिऱ्हाईकाची रीतभात कोणत्याही योजनेतून मिळत नाही.

मग करावे काय? आमचे मागणे मोठे नाही. रुळाच्या पोलादात कर्बाचे प्रमाण साधारणतः शेकडा ०.६ ते ०.८ असते, चांगल्या सुरीस लागते ते त्याच पट्ट्यातले. म्हणजे येथला अभियंता आणि बाजारातला लोहार एकाच धातूशी झुंजतात. एक आकड्यांनी, दुसरा डोळ्यांनी. तरी दोघांत आजवर चार वाक्येही झालेली नाहीत. आमच्या मंडळांनी वर्षातून एकदा त्या लोहारास आणि म्यान शिवणाऱ्यास, विक्रीच्या टेबलामागे नव्हे, व्यासपीठावर बसवावे. धातुशास्त्र जाणणाऱ्या सभासदांनी त्यांच्या भंगाराच्या तुकड्यांची पारख सांगावी. ओळखीचे, माहीत असलेल्या कर्बाचे पोलाद वर्गणी काढून एकत्र आणावे आणि त्यांस हव्या तेवढ्या तुकड्यांत मूळ भावाने द्यावे. सुरीची किंमत कारागिराने सांगावी. पटली तर घ्यावी, न पटली तर नमस्कार करून पुढे जावे. आणि पात्यावर घडवणाऱ्याचे, म्यानावर शिवणाऱ्याचे नाव असावे.

१९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढणारे माधवराव सप्रे मराठीच होते. त्यांनी या भूमीस बदलीचे ठिकाण मानले नाही. आम्ही येथे तीस तीस वर्षे काढतो आणि जाताना काचेच्या पेटीतून छत्तीसगढ घेऊन जातो!

त्या सत्कारमूर्तींस आमची विनंती आहे. यंदा खंडेनवमीला ती पेटी उघडावी. पाते म्यानातून काढून गंज असेल तो घासून काढावा, तेल लावावे, हळदकुंकू वाहावे. आणि दसऱ्याच्या दिवशी त्याच सुरीने घरची भाजी चिरावी. धार कमी वाटली तर बाजाराच्या दिवशी त्या लोहाराकडे जावे, नाव विचारून घ्यावे, आणि तो सांगेल ते दाम द्यावे.