उल्लेखनीय कोण? पुरावा छापील हवा!

कॅनडातील भौतिकशास्त्रज्ञ डोना स्ट्रिकलंड यांना २ ऑक्टोबर २०१८ रोजी नोबेल पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा इंग्रजी विकिपीडियावर त्यांच्याविषयी लेखच नव्हता. त्याच वर्षी मार्च महिन्यात एक मसुदा आला होता. पण पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून तो नाकारला गेला. ज्या कामासाठी नोबेल मिळाले, ते १९८५ मध्येच प्रसिद्ध झाले होते. पुरस्काराने काम मोठे झाले नाही. त्याविषयी लिहिणारे वाढले, एवढेच.

विकिपीडियाची 'उल्लेखनीयता' म्हणजे माणसाची थोरवी नव्हे. संबंधित व्यक्तीशी हितसंबंध नसलेल्या, विश्वासार्ह प्रकाशनांनी तिची सविस्तर दखल घेतली आहे का, एवढेच तेथे पाहिले जाते. स्वतःचे संकेतस्थळ किंवा संस्थेने दिलेला परिचय त्यासाठी चालत नाही. वादग्रस्त लेख खुल्या चर्चेला ठेवतात. इंग्रजीत ही चर्चा साधारण सात दिवस चालते आणि मतांच्या संख्येपेक्षा युक्तिवादाला वजन असते.

ही चाळणी हवीच. कोणालाही लिहिता येणाऱ्या कोशात 'मधुमेह मुळापासून बरा' करणाऱ्यांची जाहिरातबाजी शिरायला वेळ लागत नाही. वैद्यकीय मजकुराचे निकष तर आणखी कडक आहेत. एखाद्या सुट्या चाचणीपेक्षा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा तेथे ग्राह्य धरतात. मिरजेत उपचारांना येणारा रुग्णही आधी मोबाइलवर आजाराची माहिती शोधतो. त्याच्यासाठी वगळलेला खोटा लेख हा लिहिलेल्या खऱ्या लेखाइतकाच मोलाचा आहे.

पण चाळणीतून धान्यही सांडते. तासगाव तालुक्यातील बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेस द्राक्षातून 'तास-ए-गणेश' हे वाण निवडले. श्री. अ. दाभोलकरांच्या 'प्रयोग परिवारा'त शेतकरी एकमेकांच्या अनुभवातून शिकत. असे ज्ञान बागेत आणि बैठकीत घडते. शेतकऱ्याने स्वतः सांगितलेली हकिकत खरी असली, तरी अप्रकाशित असेल तर विकिपीडियाला चालत नाही.

सातारा जिल्ह्यातील वाई येथून निघालेल्या मराठी विश्वकोशाची रीत वेगळी. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली १९७६ मध्ये पहिला खंड आला. पुढे वीस खंड झाले. तेथे विषय संपादक ठरवत, नोंदी तज्ज्ञ लिहीत आणि मर्यादा कागदाची असे. विकिपीडियाला कागदाची मर्यादा नाही. मर्यादा आहे ती पुराव्याची.

म्हणून लेख वगळल्यावर संपादकांशी भांडून फारसे साधत नाही. काम त्याआधीचे आहे. सांगली-साताऱ्यातील महाविद्यालये, कृषी विज्ञान केंद्रे आणि वृत्तपत्रे यांनी स्थानिक प्रयोगांची नावे, तारखा, मोजमापे तपासून छापली पाहिजेत. आणि ती प्रयोग करणाऱ्याखेरीज दुसऱ्याने लिहिलेली असावीत. नोबेल मिळाल्यावर जग धावत येऊन लिहिते. द्राक्षबागेतल्या प्रयोगाविषयी लिहायचे, तर ते आपल्यालाच लिहावे लागेल.