वॉटरप्रूफ नावाची अंधश्रद्धा

वळवाचा एखादा पाऊस पडून गेला की आमच्या बाइकवाल्या मित्रमंडळींत एकच प्रश्न सुरू होतो. "बूट घ्यायचेत रे. चांगले वॉटरप्रूफ कुठले?" दुकानदाराचंही पहिलं वाक्य तेच, "सर, हंड्रेड पर्सेंट वॉटरप्रूफ!" घरच्या वडीलधाऱ्यांची तर एकच अट. पाय कोरडे राहिले पाहिजेत, नाहीतर सर्दी होते.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. आपल्याकडच्या पावसाळ्यासाठी बूट घेताना "वॉटरप्रूफ आहे का?" हा सर्वांत निरुपयोगी प्रश्न आहे. विचारायचं ते असं, की आत आलेलं पाणी बाहेर कसं जाणार, आणि हा बूट मी रोज घालणार का? बाकी सगळं त्यानंतर.

तरी आधी चप्पलवाल्यांशी दोन शब्द बोलायला हवेत, कारण संख्येने तेच जास्त. "आम्ही वीस वर्षं चपलेवर गाडी चालवतोय, काही झालं नाही." बरोबर आहे. आपल्या बहुतेक रोजच्या गाड्यांना गिअरचा पट्टा पुढे-मागे दोन्हीकडून दाबायचा असतो, पंजाने आणि टाचेने. अंगठ्याने खालून वर उचलायची वेळच येत नाही, त्यामुळे चपलेवर निभावतं. मोटार वाहन कायद्याचं १२९ वं कलमही डोक्यावरच्या हेल्मेटपुरतंच बोलतं. पायांबद्दल त्यात अवाक्षर नाही. पण गाडी कलंडली की तिच्याखाली सापडतो तो पायच. स्प्लेंडरसारखी हलकी गाडीसुद्धा शंभर किलोंच्या वर, बुलेट तर दोनशेच्या घरात. एवढं वजन घोट्यावर आलं की चप्पल काय करणार? ती तर पाय टेकायच्या आधीच कुठेतरी उडालेली असते.

तेव्हा बूट हवेत, याबद्दल वाद नाही. वाद पुढे आहे.

चप्पल सोडून बुटांकडे वळलेला माणूस थेट दुसऱ्या टोकाला जातो. आंतरजालावर परदेशी बाइकवाल्यांचे लेख वाचतो, नडगीपर्यंत येणारे, आतून पातळ पडदा लावलेले काळेकुळकुळीत जाड बूट बघतो आणि हरखून जातो. हे बूट वाईट नाहीत. ते ज्या हवेसाठी बनवले, तिथे उत्तमच आहेत. ती हवा आपली नाही, एवढंच माझं म्हणणं.

या पडद्याचं काम कसं चालतं ते बघा. बॉब गोर याने १९६९ साली एक विशिष्ट प्लास्टिक झटक्यात ताणून त्यातून अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा बनवला. गोर-टेक्स हे नाव त्याच घराण्याचं. पाण्याचा थेंब त्या छिद्रांतून आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. कल्पना सुरेखच आहे. पण वाफ काही आपल्या मर्जीने बाहेर जात नाही. आतल्या वाफेचा दाब बाहेरच्या वाफेपेक्षा जास्त असेल तरच ती ढकलली जाते.

आता थोडं गणित. (कंटाळू नका, सोपं आहे.) बुटाच्या आतली हवा ३३ अंशांची आणि पूर्ण दमट धरली तर वाफेचा दाब होतो साधारण ५ किलोपास्कल. युरोपातल्या १० अंशांच्या पावसाळी दिवशी बाहेर हा दाब असतो जेमतेम १. म्हणजे फरक ४. जुलैतल्या चिपळूण-महाडच्या २८ अंशांच्या आणि ९० टक्के दमट हवेत बाहेरचाच दाब साडेतीनच्या आसपास जातो. फरक उरतो दीड. ढकलणारा जोर निम्म्याहूनही कमी झाला. त्यात बुटाचं बाहेरचं कातडं भिजून गच्च झालं की पडद्याच्या तोंडावर जणू ओलं फडकं बसतं आणि उरलीसुरली वाफही अडते. मग तासाभरात मोजे घामाने भिजतात, आणि पाऊस नसतानाही भिजतात.

हे झालं आतून. बाहेरचं तर याहून सरळ आहे. बाइकवर बसलं की मांडीवर पाणी साचतं, ते गुडघ्यावरून, नडगीवरून घरंगळत बुटाच्या तोंडाशी येतं. रेनसूटची पँट बुटावरून घेतली तर थोडा वेळ टिकाव लागतो. पँट बुटात खोचली की नळ सोडल्यासारखी धार आत. समोरून वारा आणि पुढच्या चाकाचे फवारे आहेतच. ताम्हिणीत किंवा आंबोलीत दोन तास गाडी चालवून पाहा. तळव्याशी डबडब आवाज येऊ लागतो. आणि इथेच वॉटरप्रूफपणाचं खरं रूप दिसतं. जो बूट पाणी आत येऊ देत नाही, तो आत आलेलं पाणी बाहेरही जाऊ देत नाही! पायाला बांधलेली बादलीच ती. गमबूट तर त्यात सर्वांत अस्सल. घोट्याला आधार नाही, पाय आत इकडेतिकडे सरकतो, आणि भरला की रिकामा करायला रस्त्याच्या कडेला एका पायावर उभं राहायचं.

या बादलीत पाय दिवसभर मुरत ठेवले की काय होतं हे वेगळं सांगायला नको. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. आजीच्या काळी भातलावणी करणाऱ्यांना व्हायच्या, हल्ली दहा हजारांचे बूट घालणाऱ्यांना होतात :)

मजा अशी की हे कोडं फार पूर्वी सुटलेलं आहे. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन सैन्यापुढे हाच प्रश्न होता. दलदल, उकाडा, रोजचा पाऊस, आणि कातडी बूट पायातच कुजत. त्यांनी पाणी अडवायचा नाद सोडला. जंगल बूट म्हणून जे बूट दिले, त्यांचा वरचा भाग कापडी होता आणि तळव्याच्या कमानीपाशी पाणी निघून जायला जाळी लावलेली छोटी छिद्रं होती. पाय भिजणार हे गृहीत धरलं आणि तो लवकर वाळावा एवढंच बघितलं.

व्हिएतनामपर्यंत तरी कशाला जायचं? आपल्याकडे जून लागला की कातडी चपला कागदात गुंडाळून माळ्यावर जातात आणि बाजारात प्लास्टिकच्या भोकाभोकांच्या सँडल लटकायला लागतात. कोकणात कुणालाही विचारा, ती सँडल वॉटरप्रूफ आहे का म्हणून. हसेल तो. पाणी आलं, पाणी गेलं. हे साधं शहाणपण आपल्या आईवडिलांकडे होतं. आपण पैसे मिळवायला लागलो आणि ते विसरलो. त्या सँडलमध्ये कमी आहे ती फक्त घोट्याच्या आणि बोटांच्या संरक्षणाची. तेवढी भर घातली की आपल्याला हवा तो बूट तयार होतो.

आता कुणी म्हणेल, युरोपातल्या तज्ज्ञांना काय कळत नाही? कळतं की! मोटारसायकलच्या बुटांसाठी त्यांचं मानक आहे, ईएन १३६३४. त्याची खूण म्हणजे एक छोटा मोटारसायकलस्वार आणि त्याखाली चार आकडे, प्रत्येक १ किंवा २. पहिला बुटाच्या उंचीचा, दुसरा रस्त्यावर घासला तर किती टिकेल याचा, तिसरा धारदार वस्तू लागली तर कापला जाईल का याचा, चौथा दोन्ही बाजूंनी दाबला तर किती चेपेल याचा. या चारही गोष्टी सक्तीच्या. आणि पाण्याचं? ते ऐच्छिक आहे. चाचणी केली असेल तर डब्ल्यू-आर ही अक्षरं लावतात, नसेल तर नाही. म्हणजे थंड, पावसाळी युरोपने ज्याला ऐच्छिक ठरवलं, ते आपण उकाड्याच्या देशात सक्तीचं करून बसलोय. आणि ज्याची खरंच चौकशी करायला हवी, त्या घोट्यावरच्या कठीण वाटीची, म्हणजे आय-पी-ए या अक्षरांची, दुकानात कुणी चौकशीच करत नाही.

मग घ्यायचं काय? माझं उत्तर असं. घोट्याच्या वर चार बोटं येणारा बूट पुरे. पंजा, टाच आणि घोटा या तीन जागी जाड कातडं किंवा तत्सम मजबूत कापड, मधल्या भागात जाळी. सगळाच जाळीचा नको, घासला की फाटतो. तळ असा, की दोन्ही हातांनी पिळायचा प्रयत्न केला तरी सहज पिळला जाऊ नये, पण चालताना पंजाशी वाकला पाहिजे. टाचेला फुटरेस्टवर अडकेल एवढी पायरी हवी. तळाची नक्षी खोल हवी, कारण पेट्रोल पंपावरची तेलकट ओली फरशी आणि सिग्नलचे रंगवलेले पट्टे यांच्याइतकी निसरडी जागा दुसरी नाही. नाडी असेल तर तिचं टोक आत खोचायची सोय हवी. लोंबती नाडी गिअरच्या दांडीत अडकली, की पाय टेकायच्या क्षणी पाय टेकतच नाही. आणि माप संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय सुजतो. मोजे घालूनच घ्या. बोटं मोकळी हलली पाहिजेत, टाच मात्र उचलली जाता कामा नये.

हे सगळं पावसाइतकंच उन्हाळ्यासाठीही सांगतोय. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, शेजारी इंजिन तापलेलं, त्यातून बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजव्या पायापाशी. तिथे बंदिस्त बूट घातलेला माणूस दुसऱ्या दिवशी बूट घरी ठेवतो आणि चप्पल सरकवून निघतो. म्हणूनच मी आरामाला चैन मानत नाही. कपाटात ठेवलेल्या सर्वोत्तम बुटापेक्षा पायात असलेला बरा बूट लाख पटीने सुरक्षित. ज्याला "थोडं सहन करावंच लागतं" असं वाटतं, त्याने एक आठवडा रोज ऑफिसला जाताना ते सहन करून दाखवावं.

आक्षेप येणार हे माहीत आहे. लडाख-स्पितीला जाणाऱ्यांनो, तुम्ही वॉटरप्रूफच घ्या. तिथे ओढ्याचं पाणी बर्फाचं असतं, ओल्या पायाने पुढचे पाच तास काढणं धोक्याचं आहे. पण वर्षातल्या त्या दहा दिवसांसाठी उरलेले साडेतीनशे दिवस उकडून घेऊ नका. दुसरा आक्षेप साचलेल्या पाण्याचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली, हे आपण विसरलेलो नाही. ते जंतू पायावरच्या जखमेतून शिरतात. बूट जखम होऊ देत नाही, हे त्याचं काम. गुडघाभर पाण्यात मात्र कोणताच बूट पाय कोरडा ठेवणार नाही, घरी येऊन साबणाने पाय धुवावेच लागतील.

तिसरा आक्षेप पैशांचा, आणि तो सर्वांत खरा. रोज बारा तास पावसात जेवणाची पाकिटं पोचवणाऱ्या मुलाला हजारो रुपयांचे बूट घे म्हणणं ही थट्टा आहे. त्याला कारखान्यात वापरतात तसले घोट्यापर्यंतचे सेफ्टी शूज बरेच स्वस्त पडतात. पुढची पोलादी टोपी गिअरच्या दांडीखाली बसते का, तेवढं आधी बघावं. पण ज्यांच्या नावाचा टी-शर्ट तो घालतो, त्यांनी टी-शर्टाबरोबर बूटही द्यायला नकोत का? टी-शर्टाने कुणाचा घोटा वाचल्याचं मी ऐकलेलं नाही.

राहता राहिली निगा. ओले बूट उन्हात किंवा शेगडीपाशी वाळवू नका, कातडं तडकतं. आतला तळ काढून बाहेर ठेवा, रद्दीचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला, पंख्याखाली ठेवा. मोजे सुती नकोत, ते पाणी धरून ठेवतात. एक कोरडी जोडी प्लास्टिकच्या पिशवीत बरोबर ठेवा, हिच्याइतकं सुख कोणत्याच पडद्यात नाही. आणि महागाचे म्हणून बूट माळ्यावर जपून ठेवू नका. बऱ्याच बुटांचे तळ पॉलियुरेथेनचे असतात. ते दमट हवेत न वापरताही आतून कुजतात आणि काही वर्षांनी पहिल्याच दिवशी पावासारखे चुरा होऊन पडतात.

तेव्हा मंडळी, यंदा दुकानात गेलात की "वॉटरप्रूफ आहे का?" विचारू नका. बूट हातात घ्या, तळ पिळून बघा, घोट्यापाशी दाबून बघा, आणि सरळ विचारा, "यात पाणी गेलं तर सकाळपर्यंत वाळेल का?" दुकानदार गोंधळेल. गोंधळू दे. दहा जणांनी विचारलं की अकराव्याला तो स्वतःहून सांगायला लागेल.

असो. आणि अमेरिकेतल्या आमच्या भाचेमंडळींनो, सुट्टीवर येताना मामासाठी ते जाडजूड बूट उचलून आणू नका. पातळ लोकरीचे मोजे आणा, चार जोड.