गाण्याबरोबर आलेली बाई

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आमच्या कळंब्याच्या घरात दोन वास दरवळत असतात. आतून चकलीच्या भाजणीचा आणि बाहेरच्या खोलीतून कागदांचा. पहिल्याची मालकी सौभाग्यवतींकडे, दुसऱ्याची माझ्याकडे. यंदा त्या कागदांत माझ्या एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाचा कच्चा खर्डा होता. विषय जोगतिणींच्या गाण्यांचा, आणि तो सुचवला होता मीच. कोल्हापुरात या विषयाला सामग्रीची काय वाण! सौंदत्तीहून जग माघारी आले की ओढ्यावरच्या रेणुकेला आंबील यात्रा भरते. आमच्याच जिल्ह्यात मराठी शिकवणाऱ्या राजन गवसांनी ‘चौंडकं’ (१९८५) आणि ‘भंडारभोग’ (१९८८) लिहून हे जग मराठी वाचकापुढे ठेवलेलं. मुलगी हुशार. उत्साहाने कामाला लागली.

मग तीन आठवडे फिरकलीच नाही. परवा संध्याकाळी आली ती ओळखू येईना. सौ.ने भाजणीचे हात पुसत विचारलं, “जेवतेस का गं वेळेवर?” एवढ्यावर पोरगी रडायलाच लागली.

“काकू, रात्री चौंडकं ऐकू येतं. झोपच लागत नाही.”

हळूहळू उलगडा झाला. मुलाखती तिने मोबाइलवर घेतल्या होत्या आणि रात्री एकटी बसून त्या उतरवून काढीत होती. तासाभराचं बोलणं उतरवायला पाच-सहा तास लागतात. एकेक वाक्य दहादा ऐकावं लागतं. सत्तरीची एक जोगतीण. दहाव्या वर्षी केसांत जट आली, देवीचं बोलावणं म्हणून गळ्यात माळ पडली. (मुंबई इलाख्यात याला बंदी करणारा कायदा १९३४ सालचा. माळ पडली ती त्यानंतर तीस वर्षांनी.) आणि पुढे धाकट्या बहिणीला माळ बांधायला हिनेच हात धरून नेलं. ते सांगून झाल्यावर म्हातारीने एक गाणं म्हटलं आणि म्हणाली, “हे लिहू नगंस, पोरी.”

ही हकिकत मी खर्ड्यात वाचली होती. समासात लाल शाईने शेराही मारला होता : ‘उत्तम सामग्री. गाणं पूर्ण द्यावं.’

रॉबर्ट लिफ्टन हे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ १९६२ साली हिरोशिमात बाँबमधून वाचलेल्यांच्या मुलाखती घेत होते. सुरुवातीला ते ऐकून त्यांचा जीव पिळवटून निघे. थोड्याच दिवसांत मात्र त्यांच्या ध्यानात आलं, की तीच भीषण हकिकत ऐकताना आता आपण अभ्यासकाच्या नजरेने आकृतिबंध शोधतो आहोत. हे त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवलं आहे. पुढे १९९० साली मॅकन आणि पर्लमन या दोघींनी लिहिलं, की दुसऱ्याचं दुःख ऐकून ऐकून समुपदेशकाच्या मनावरही घाव उमटतात. प्रबंध लिहिणाऱ्या पोरीचं मन काही वेगळ्या मातीचं नसतं. मी तिला समास किती सोडावा, तळटीप कशी द्यावी, सगळं शिकवलं होतं.

ती गेल्यावर सौ. म्हणाली, “तुम्ही तिला गाणी गोळा करायला धाडलंत. गाण्याबरोबर बाई येणार, हे तुम्हांला कळलं नाही होय?”

मी काय बोलणार? लिफ्टनना निदान आपण निबर होत असल्याची चाहूल तरी लागली होती!

आता आमचं ठरलं आहे. रात्री मुलाखत उतरवायची नाही. दिवसा, आमच्या बाहेरच्या खोलीत बसून उतरवायची. मी समोर असेन. एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंची वेळही घेतली आहे. सौ. तिच्याबरोबर जाणार आहे. वर्ष लांबलं तर लांबू दे, असं मी म्हटलं तेव्हा तिने पहिल्यांदा मान वर केली.

काल ती आली तेव्हा लाल शाईचं पान तिने पुढे केलं. “सर, मग या गाण्याचं काय करायचं?”

मी माझा शेरा खोडला. पान तिच्याकडे दिलं आणि सांगितलं, “म्हातारीला विचारून ये. आणि जाताना थोड्या चकल्या घेऊन जा तिच्यासाठी.”