'क्लिक'शी तंटा कशासाठी?

संगणकावरील 'क्लिक' हा शब्द मराठीतून हद्दपार करावा आणि त्याच्या जागी 'टिचकी'च वापरावी, असा आग्रह आपल्या मंडळींत अधूनमधून धरला जातो. 'टिचकी' मलाही प्रिय आहे. परंतु या आग्रहामागील तर्क मला मान्य नाही. आपली शक्ती भलत्याच दाराशी खर्ची पडत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम 'क्लिक'चे कुळ पाहू. इंग्रजीत हा शब्द सुमारे ४०० वर्षांपासून आढळतो. तो कोणा पंडिताने घडविलेला नाही. कडी बसताना वा चाप ओढताना होणाऱ्या लहानशा, कोरड्या आवाजाची ती नक्कल आहे. डच आणि फ्रेंच भाषांत त्याची भावंडे आहेत. पुढे त्याचे अर्थ वाढत गेले : छायाचित्र टिपणे, संगणकाची कळ दाबणे, दोघांचे सूत जुळणे, एखादी गोष्ट एकाएकी उमगणे. दक्षिण आफ्रिकेतील खोसा भाषेत जीभ झटकन मागे ओढून उच्चारली जाणारी व्यंजने आहेत. त्यांनाही इंग्रजीत हेच नाव मिळाले. गंमत अशी की, हळहळताना आपणही तसाच ध्वनी काढतो आणि त्याला 'चुकचुकणे' म्हणतो!

मग 'टिचकी' तरी कोण? तीही बोटांच्या आवाजातून जन्मलेली दिसते. दोन्ही शब्द कानाचीच लेकरे. एकाला कुलीन आणि दुसऱ्याला उपरा ठरविण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? अनुकरणवाचक शब्दांना पोरकट समजणाऱ्यांनी हेही ध्यानी घ्यावे की, 'काक' हे नाव ध्वनीच्या अनुकरणातून आले असे यास्काने निरुक्तात म्हटले आहे, आणि पाणिनीने अशा शब्दांसाठी स्वतंत्र सूत्रे रचली आहेत.

येथे कोणी विचारील, आवाज सर्वत्र एकच, तर शब्द कोणताही चालेल, नाही का? नाही. कोंबडा जगभर एकसारखाच आरवतो. पण मराठी कानाला तो 'कुकूचकू' म्हणतो, तर फ्रेंच कानाला 'कोकोरिको'. अनुकरणवाचक शब्द म्हणजे त्या त्या भाषेचा कान होय. खरा धोका आहे तो येथेच.

१७६० मध्ये बुऱ्हाणपूर निजामाकडून पेशव्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे गेले. तेव्हापासून राज्ये बदलली, शाळांची भाषा बदलली, तरी आपल्या घरांतील मराठी टिकली. आज आपल्या नातवंडांची मराठी कोठे झिजते आहे, ते जरा कान देऊन ऐका. ढगांचा 'गडगडाट' त्यांच्या तोंडी 'गडगडाहट' होतो, पाखरांचा 'चिवचिवाट' 'चहचहाहट' होतो. यंत्रमागांच्या गल्लीतून जाताना 'खडखडाट' त्यांच्या कानी पडतो, पण ओठी येत नाही. हिंदी आपली शेजारीण आहे, तिच्याशी वैर नाही. तिचे शब्द तिच्या वाक्यात शोभतात. परंतु मराठी वाक्यातला मराठी कानच गेला, तर उरलेल्या विभक्तिप्रत्ययांना घेऊन काय करायचे?

'क्लिक' एका नव्या यंत्राबरोबर आला. त्याने आपल्या घरातले कोणतेही भांडे उचलून नेले नाही. शिवाय 'क्लिक करतो', 'क्लिकवर', 'क्लिकने' असे म्हणताच तो निमूटपणे मराठीच्या शिस्तीत बसला. याउलट 'लखलखाट', 'सळसळ', 'किणकिण', 'चुळबुळ' हे शब्द कोणीही हाकलून न लावता निघून चालले आहेत, आणि त्यांच्यासाठी एकही ठराव मांडला जात नाही.

म्हणून माझी विनंती अशी : शब्दबंदीचे ठराव आता पुरे करावेत. संध्याकाळी नातवाला तापीच्या घाटावर न्यावे आणि पाणी कसे वाहते, असे विचारावे. तो 'खळखळ' म्हणाला, तर त्याने संगणकावर खुशाल 'क्लिक' करावे. मराठीला त्याची बाधा होणार नाही. तो गप्प राहिला, तर मात्र 'टिचकी'चे शंभर ठरावही तिला तारू शकणार नाहीत.